बर्फावरच्या सहलीचे अंदाजपत्रक

बेळगावात बर्फ पाहायचा म्हणजे दोनच जागा. एक, मासळी बाजारातली लादी; आणि दुसरी, वळवाच्या पावसात अंगणात पडणाऱ्या गारा. असे असताना परदेशी जाऊन स्नोबोर्डिंगची सहल कशी आखावी, या विषयावर मी लिहायला बसले आहे हे पाहून वर्गातल्या मंडळींना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. मी स्वतः अजून स्नोबोर्डवर पाय ठेवलेला नाही. परंतु गेले चार महिने अशा एका सहलीचा हिशेब माझ्याकडे होता. त्या वहीत जे जमले ते कोणाच्या तरी उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्याचे असे झाले. माझा मावसभाऊ बेंगळुरूला नोकरीला आहे. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून या सहलीसाठी दहा लाख रुपये बाजूला काढले. मे महिन्यात दादा घरी आला तेव्हा म्हणाला, "तू कॉमर्सला आहेस न्हवं? मग आमचा हिशेब तूच कर की. दहा लाखांत पाच माणसं बसली तर पाचवी तू!" एवढे ऐकल्यावर कोणाची वही उघडणार नाही?

प्रथम स्नोबोर्ड म्हणजे काय ते सांगते. स्कीमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात दोन काठ्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले आणि हात मोकळे. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणे केले. त्याचे नाव पुढे 'स्नर्फर' पडले. १९७७ च्या सुमारास व्हरमाँट राज्यात जेक बर्टन कारपेंटर याने पाय बांधता येणाऱ्या फळ्या बनवायचा धंदा सुरू केला. सुरुवातीला बहुतेक डोंगरांवर या पोरांना लिफ्टमध्ये बसू देत नसत. १९९८ साली जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हाच खेळ सन्मानाने दाखल झाला. तरीसुद्धा अमेरिकेतल्या आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी आजही फक्त स्कीवाल्यांनाच प्रवेश आहे. तेव्हा आखणीतला पहिला प्रश्न हा की, तिथे आपली फळी चालते का? विमानाचे तिकीट काढून झाल्यावर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न हंगामाचा. युरोपातल्या आल्प्समध्ये साधारण डिसेंबर ते एप्रिल हा मोसम. न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे, म्हणून तिथे जून ते ऑक्टोबर. दादाच्या चौकडीला एकदम रजा मिळत होती ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. त्यामुळे न्यूझीलंड आपोआप गळले. यादीत उरले आल्प्स, जॉर्जिया देशातले गुदौरी आणि जपानच्या होक्काइदो बेटावरचे निसेको. बरीच चर्चा होऊन निसेको ठरले. कारण एकच: जानेवारीत तिथे बर्फ पडेल का, अशी शंकाच घ्यावी लागत नाही.

याचे कारण समजून घेताना मला फार मौज वाटली, कारण ते आपल्या ओळखीचे निघाले. आंबोलीला एवढा पाऊस का पडतो, हे आपण शाळेत शिकलो. नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढून थंड होतात आणि रिते होतात. निसेकोला अगदी हेच घडते, फक्त हिवाळ्यात. सैबेरियातून कोरडे, कडाक्याचे थंड वारे निघतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. तो त्या वाऱ्यांपेक्षा पुष्कळ उबदार. त्याच्यावरून येताना ते बाष्प उचलतात आणि होक्काइदोच्या पश्चिमेकडच्या डोंगरांना धडकतात. थंडी इतकी की पाण्याऐवजी हिम पडते, आणि तेही हलके, कोरडे, पिठासारखे. ज्या डोंगरावर हा सारा खेळ चालतो तो निसेको अन्नुपुरी १,३०८ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईहून (१,६४६ मीटर) ठेंगणाच! उंच डोंगर म्हणजे चांगला बर्फ, ही माझी समजूत तिथे पुसली गेली. शिवाय उंची कमी म्हणून विरळ हवेचा त्रास नाही.

हंगामात आणखी एक मेख आहे. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान केव्हातरी येते. त्या आठवड्यात आशियाभरचे प्रवासी होक्काइदोला लोटतात आणि खोल्यांचे भाव चढतात. म्हणून आधी त्या वर्षीची तिथी पाहावी, मग रजा मागावी.

आता पैशाकडे वळू. येन गेली काही वर्षे फार घसरला. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६० हून अधिक येन मिळत होते. त्यामुळे जपान स्वस्त झाले असे सगळे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. निसेकोत ऑस्ट्रेलियापासून सिंगापूरपर्यंतचे गिऱ्हाईक येते, आणि तिथले भाव त्यांचे खिसे पाहून ठरतात. दुसरे असे की, आज नोंदणी करून डिसेंबरात पैसे द्यायचे असतील तर मधल्या काळात येन वर चढू शकतो. त्या फरकाची तरतूद वहीत हवी. परदेशी सहल कंपनीमार्फत घेतली तर टीसीएस कापला जातो. तो खर्च नव्हे. विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते. पण तोपर्यंत तेवढी रोकड अडकून पडते, हे ध्यानात ठेवावे. व्हिसाचे काम मात्र सोपे झाले आहे. १ एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांसाठी जपानचा ई-व्हिसा सुरू झाला.

खर्चाचे दोन भाग मी केले. राहण्याचे घर आणि विमानतळापासूनची गाडी हा स्थिर खर्च. माणसे चार असोत वा पाच, तो बदलत नाही. तो आला २,४०,०००. विमान, लिफ्टचा पास, फळी-बुटांचे भाडे आणि जेवण हा माणसागणिक वाढणारा खर्च; तो आला माणशी १,४८,०००. पाच जणांचे ७,४०,०००, त्यात स्थिर २,४०,०००, एकूण ९,८०,०००. दहा लाखांच्या आत, वर वीस हजार शिल्लक! त्या रात्री मी आजीला जपानचा नकाशा दाखवला. आजी म्हणाली, "एवढ्या थंडीत पडायला कशाला जायचं गं?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून आल्यावर बाबांनी वही मागितली. खतावणी तपासण्याची सवय त्यांच्या बोटांत आहे. एकेका ओळीवर बोट फिरवून त्यांनी एवढेच विचारले, "यात कुणाचा हात मोडला तर पैसे कोण देणार?"

मी गप्प राहिले. खरे सांगायचे तर ते कलम मी विसरले नव्हते. मी ते लिहिलेच नव्हते. विम्याची साधी पॉलिसी धरली होती. तशा पुष्कळ पॉलिसींमध्ये हिवाळी आणि साहसी खेळांतली दुखापत वगळलेली असते, हे मी वाचलेले होते. तशीच आणखी तीन कलमे मी बाहेर ठेवली होती. कारण ती आत घेतली असती तर पाचवी बाहेर गेली असती.

ती कलमे कोणती आणि का लागतात, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

पहिले कलम शिकवणीचे. चौकडीतला एक जण म्हणाला होता, व्हिडिओ पाहून शिकू. पण फळीला ब्रेक नसतो. तिच्या दोन लांब कडा पोलादी असतात. फळी उताराला आडवी करून डोंगराकडची कड बर्फात रुतवली, की माणूस थांबतो. चुकून दरीकडची कड रुतली, तर फळी जागच्या जागी अडते आणि माणूस सपाट आपटतो. दोन्ही पाय बांधलेले असल्यामुळे पाऊल टाकून सावरता येत नाही. नवशिके पहिले दोन-तीन दिवस बहुतेक पडतच असतात. एकदा कड कळली की मग प्रगती भराभर होते. म्हणून हे पहिले तीन दिवस शिक्षकाबरोबर काढावेत. माणशी २०,०००.

दुसरे कलम हेल्मेट, मनगटपट्टे आणि जलरोधक कपड्यांच्या भाड्याचे. स्कीवाल्यांचे गुडघे दुखावतात, तर फळीवाल्यांची मनगटे; कारण पडताना माणूस सहजच हात टेकतो. मनगटपट्ट्यांनी ही मोडतोड कमी होते. माणशी ९,०००.

तिसरे कलम योग्य विम्याचे. साध्या पॉलिसीपेक्षा माणशी ४,००० जादा. घेताना 'वगळलेल्या बाबी' हे पान आधी वाचावे आणि स्नोबोर्डिंगचा स्पष्ट उल्लेख असल्याची लेखी खात्री करून घ्यावी. आखलेल्या उताराबाहेर गेल्यावरचा अपघात धरला आहे का, हेही पाहावे. निसेकोला या बाबतीत कडक नियम आहेत. हद्दीबाहेर जायचे तर ठरावीक फाटकांतूनच; फाटक बंद असेल तर कोणीच जायचे नाही; दोरीखालून घुसणे मना. बाहेर हिमप्रपाताचा धोका असतो. झाडांच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचे खड्डे असतात. त्यात डोके खाली जाऊन पडलेला माणूस गुदमरतो. हद्दीबाहेर अडकलेल्याला शोधून आणण्याचा खर्च त्याच्याकडूनच वसूल करतात. नवशिक्याने दोरीच्या आतच, हिरव्या खुणेच्या उतारावर राहावे. जपानमध्ये हिरवा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. अमेरिकेत सोप्याला हिरवा, पण मध्यमाला निळा. देश बदलला की रंगांचा अर्थ पुन्हा विचारून घ्यावा.

चौथे कलम आकस्मिक खर्चाचे. येन चढला, वादळाने विमान रद्द होऊन एक रात्र जादा काढावी लागली, तर? माणशी ८,०००.

चारांची बेरीज ४१,०००. माणसागणिक खर्च १,४८,००० वरून १,८९,००० वर गेला. पाच जणांचे आता ११,८५,००० होत होते. चार जणांचे ९,९६,०००.

दहा लाखांत चारच माणसे बसत होती. आकडे इतके स्वच्छ की वाद घालायला जागाच नाही.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी वही दाखवली. ती म्हणाली, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. दोन्ही भाषांत म्हण एकच. मी म्हटले, "अगं, पण अंथरूण त्यांचं आहे, पाय माझा आहे!" ती हसली आणि म्हणाली, "मग तर जास्तच बघायला पाहिजे."

दोन दिवस वही तशीच ठेवली. शिकवणी तीनाऐवजी एकच दिवस धरली तर? आकस्मिक खर्च काढला तर? करून पाहिले. पाचांचे दहा लाखांत बसवायचे तर माणशी फक्त चारच हजार वाढवता येत होते. म्हणजे विमा तेवढा ठेवायचा आणि बाकी सारे देवावर सोडायचे. कागदावर तेही जमत होते. पण पडणारे मनगट कागदाचे नसते, आणि ते दादाचे असू शकते.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला. "दादा, पहिला हिशेब चुकीचा होता. मी मुद्दाम कमी धरला होता. दुसरा पाठवते. त्यात माणसं चार आहेत." तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. पाठव." आणि संध्याकाळी पुन्हा त्याचाच फोन आला, शिक्षकाची नोंदणी कुठे करायची ते विचारायला.

मला वाईट वाटले नाही असे लिहिले तर तेही एक खोटे कलम होईल. जानेवारीत ती चौकडी अन्नुपुरीच्या हिरव्या उतारावर पडत-उठत असेल, तेव्हा मी इथे स्वेटर घालून अभ्यास करीत असेन.

ज्यांना अशी सहल आखायची असेल त्यांना माझी वही केव्हाही पाहायला मिळेल. एकच विनंती. आधी शिकवणी, संरक्षण, विमा आणि आकस्मिक खर्च लिहा. विमानाचे तिकीट त्यानंतर. आणि शेवटी उरतील तेवढी माणसे मोजा.

पासपोर्टचा अर्ज मात्र मी भरून टाकला आहे. तो दहा वर्षे चालतो.