बीडहून समुद्रावर: खर्चाचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

आष्टीपासून परळीपर्यंत कुठेही समुद्राचा विषय काढा, उत्तर ठरलेलं असतं: ‘ते पैसेवाल्यांचं काम.’ तुळजापूर होतं, पंढरपूरची वारी होते, शिर्डी-अक्कलकोट होतं. समुद्र मात्र लेकरांच्या शाळेच्या सहलीत झाला तर झाला, नाहीतर राहून जातो. घरातल्या बाईच्या वाट्याला तर तो बहुतेक वेळा येतच नाही.

पैशाची ओढाताण खरी आहे, ती कुणी नाकारू नये. पण समुद्रासाठी कुणाला तिकीट काढावं लागत नाही. महाग असतो तो मे महिना, भाड्याची गाडी आणि खिडकीतून लाटा दिसणारी खोली. या तीन गोष्टी बाजूला ठेवल्या, तर नोकरदाराच्याच नव्हे, दोन-चार एकरांच्या शेतकरी कुटुंबालाही तीन दिवसांची समुद्राची सहल झेपते. आड येतात ते काही पक्के बसलेले समज.

‘समुद्र म्हणजे गोवा’

महाराष्ट्राचा ७२० किलोमीटरचा किनारा आपण भूगोलात पाठ केलेला असतो. अलिबाग, दिवेआगर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली, वेंगुर्ला ही सगळी गावं त्याच किनाऱ्यावर आहेत आणि पाणीही त्याच अरबी समुद्राचं. गोव्याचं वेगळेपण आहे, पण हात राखून खर्च करणाऱ्याला तिथे एक अडचण आहे. एसटीत महिलांना मिळणारी निम्म्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. वेंगुर्ल्यापर्यंत ती पूर्ण लागू असते, पुढे नाही.

अंतराबद्दलही असंच. बीड ते पुणे साधारण २४० किलोमीटर आणि पुण्याहून अलिबाग दीडशेच्या आत. दक्षिणेकडून गेलात तर कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी १३० किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीच्या फडांवर जातात आणि चार-पाच महिने तिथे राहतात. घाट उतरला की समुद्र, इतक्या जवळ त्यांचं निम्मं वर्ष जातं. तरी पट्टा पडला की ट्रॅक्टर सरळ गावाकडे वळतात. उचल फेडायची असते, हातात सुटी नसते, हे कारण मोठं आहे. पण परतण्याआधी एक दिवस रत्नागिरीला काढता येतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं.

‘गाडी केल्याशिवाय कोकण होत नाही’

सगळ्यात जास्त पैसा या समजापायी जातो. भाड्याची जीप किलोमीटरवर चालते. परतीचे किलोमीटर, चालकाचा भत्ता, टोल आणि मुक्कामाच्या दिवसाचं किमान भाडं मिळून बिल होतं. समुद्रावर पोचल्यावर ती जीप दिवसभर नारळीखाली उभी राहते, तरी तिचा दिवस मोजला जातो.

आता लालपरीचा हिशेब बघा. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे १० रुपये ५ पैसे पडतात. बीड-पुणे-अलिबाग मिळून साधारण ६५ टप्पे होतात, म्हणजे पूर्ण तिकीट साडेसहाशेच्या घरात. मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट निम्मं आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मंच. नवरा-बायको, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा असं कुटुंब धरलं, तर एक पूर्ण आणि तीन अर्धी तिकिटं लागतात. जाऊन-येऊन सव्वातीन हजारांच्या आसपास भागतं. आजी-आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे असतील, तर ऑगस्ट २०२२ पासून त्यांना एसटी मोफत आहे आणि ६५ ते ७५ या वयात निम्मं तिकीट लागतं. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड खिशात असू द्या. शिवशाहीचं किंवा रातराणीचं भाडं वेगळं असतं आणि दर बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी आगारात चौकशी करणं बरं.

अंबाजोगाई, परळी, केज या भागातल्यांना आणखी एक रस्ता आहे, तो फारसा कुणी वापरत नाही. नांदेड-पनवेल एक्स्प्रेस परळी वैजनाथ, लातूर, कुर्डुवाडी, पुणे असं करत पनवेलला जाते. रात्री बसायचं, सकाळी पनवेल. तिथून अलिबागची एसटी मिळते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जायचं असेल तर कोकण रेल्वेच्या बऱ्याच गाड्या पनवेलला थांबतात. रात्रीच्या प्रवासाने एका मुक्कामाचं भाडंही वाचतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, त्यामुळे जून ते ऑक्टोबर या काळात जुन्या माहितीवर विसंबू नका.

किनाऱ्याच्या गावात फिरायला एसटी, वडाप आणि पाय पुरतात. अट एकच: तीन दिवसांत पाच गावं करायची नाहीत. एक गाव धरायचं आणि तिथेच राहायचं. लेकरांना ‘स्पॉट’ नको असतात, त्यांना वाळू हवी असते.

‘कोकणात जायचं तर मे महिन्यात किंवा दिवाळीत’

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, आंबा असतो, शाळांना सुट्या असतात. खोल्या मिळत नाहीत, मिळतात त्या दुप्पट दराने. वर दमट उकाडा. आपल्याकडचा चाळीस अंशांचा कोरडा उन्हाळा सोसलेल्या माणसालाही तिथला पस्तिशीतला घाम नकोसा होतो. दिवाळीची सुटी आणि नाताळ ते ३१ डिसेंबरचा आठवडा, यांचीही तीच कथा.

स्वस्त आणि सुखाचे दिवस म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा मध्य, आणि त्यातही सोमवार ते गुरुवार. शेतकऱ्याला हे जमण्यासारखं आहे. कापसाच्या वेचण्या उरकत आलेल्या असतात आणि ज्वारीची काढणी सुरू होण्याआधीचे दिवस निवडता येतात. शाळेतल्या मुलांचे दोन-तीन दिवस बुडतील, पण गुरुजींना आधी सांगितलं तर बहुतेक गुरुजी समजून घेतात.

याच काळातले काही दिवस मात्र टाळा. मालवणजवळच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा याच दिवसांत येते. तिची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग जाहीर होते. त्या दोन-तीन दिवसांत मालवण-कणकवलीकडे पाय ठेवायला जागा नसते. महाशिवरात्रीला कुणकेश्वर, माघी गणेश जयंतीला आणि अंगारकीला गणपतीपुळे, तिथेही तसंच. दर्शनालाच जायचं असेल तर प्रश्न नाही, पण स्वस्त खोली शोधायची असेल तर तारीख बदला.

‘समुद्र दिसणारी खोली नसेल तर काय मजा?’

खोलीत आपण झोपायला जातो. किनाऱ्यापासून दहा मिनिटं आत, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरगुती खोलीचं भाडं समोरच्या हॉटेलच्या निम्म्यावर येतं. हंगाम नसताना साधी, बिनएसीची खोली हजार-पंधराशेच्या आसपास मिळू शकते. गणपतीपुळ्याला देवस्थानचं भक्तनिवास आहे. राज्याची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात गावातली नोंदणी केलेली घरं असतात. खोली ठरवताना फोनवरच चार गोष्टी विचारा: भाडं खोलीचं की माणशी, जादा गादीचे किती, जेवण घरी मिळेल का, आणि स्टँडवरून चालत येता येईल का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर खोलीत वाचलेले पैसे रिक्षात जातात.

मला विचाराल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं या किनाऱ्यावर अंडी घालतात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पिल्लं बाहेर पडू लागतात आणि ती सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडली जातात. पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होते, जेवणासकट. तळहातावर मावेल एवढं पिल्लू ओल्या वाळूवरून वल्ह्यासारखे पाय मारत जातं, लाट त्याला मागे ढकलते, ते परत निघतं. पिल्लं कोणत्या दिवशी निघतील ते अंडी ठरवतात, म्हणून आधी फोन करून जा.

‘माळकऱ्यांची तिथे उपासमार होते’

बीडमध्ये घराघरात माळकरी आहेत, त्यामुळे ही भीती मोठी. प्रत्यक्षात कोकणातलं घरगुती शाकाहारी जेवण हा तिथला मोठा ठेवा आहे: घावणे-चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ, सोलकढी. गणपतीपुळ्याला दुपारी देवस्थानचा खिचडीचा प्रसाद असतो. घरून धपाटे, दशम्या न्या, पण तिथल्या दमट हवेत त्या दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका. शेंगदाण्याची चटणी मात्र पुरते.

मासे खाणाऱ्यांचा गैरसमज उलटा असतो. कोकण म्हणजे सुरमई आणि पापलेट, असं धरून ते सरळ सर्वात महाग थाळी मागवतात. बांगडा, तारली, मांदेली हे मासे स्वस्त असतात आणि चवीला उतरलेले नसतात. माजलगावच्या धरणातल्या रोहू-कटल्याचे काटे काढायची सवय असलेल्याला बांगडा अगदीच सोपा. हर्णै बंदरावर माशांचा लिलाव चालतो. तो पाहायला पैसे पडत नाहीत आणि त्या दिवशी समुद्राने काय दिलं ते तिथे कळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताजा मासा कमी आणि महाग मिळतो.

‘विहिरीत पोहतो, समुद्रात काय होतंय?’

इथे पैशाचा संबंध नाही, पण हा समज या सगळ्यांत घातक आहे. भोपळा किंवा डबा बांधून पन्नास फूट खोल विहिरीत पोहायला शिकलेला आपल्याकडचा पोरगा पाण्याला भीत नाही. त्यात समुद्राच्या खारट, जड पाण्यात अंग सहज तरंगतं, त्यामुळे धीर आणखी वाढतो. विहिरीचं पाणी मात्र जागचं हलत नाही. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाण्यासाठी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. वरून तो पट्टा शांत दिसतो: शेजारी लाटा फुटत असतात, इथे फुटत नाहीत, पाणी जरा गडद असतं. नवखा माणूस शांत जागा म्हणून नेमका तिथे उतरतो. मग किनाऱ्याच्या दिशेने जीव तोडून हात मारतो, दमतो आणि बुडतो. गणपतीपुळ्यासह अनेक किनाऱ्यांवर असे बळी गेलेले आहेत, त्यांत चांगले पोहणारेही होते.

ओढीत सापडलात तर तिच्याशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या आणि मग काठाकडे वळा. त्याहून चांगलं म्हणजे गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊच नका. कोकणातले लोक जिथे उतरत नाहीत तिथे आपण उतरायचं नाही. जीवरक्षकाची शिट्टी वाजली की बाहेर यायचं. कुणी अडकलं तर हात धरून साखळी करत आत जाऊ नका. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि ११२ ला फोन लावा.

भरती-ओहोटीचा अंदाज तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनही काढू शकता. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या सुमारास भरती. पक्ष कोणताही असो. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते आणि तिचा जोरही सर्वात जास्त असतो. जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतं, तेवढं गावात विचारून पक्कं करा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

‘तिथे जाऊन बोटिंग केलं नाही तर काय केलं?’

पॅराशूट, केळ्याची बोट, स्कूटर यांत दहा मिनिटांत जेवढे पैसे जातात तेवढ्यात चौघांचं एक जेवण होतं. एखादी गोष्ट मुलांसाठी जरूर करा, सगळ्या करू नका. मालवणला होडीचे पैसे खर्च करायचेच असतील तर सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी करा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. चहूकडे खारं पाणी असताना आतल्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींचं पाणी गोडं आहे. दुष्काळी भागातल्या माणसाने हे बघावंच. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचं जन्मघर आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आहे, आणि भाट्याचा किनारा शहराला लागूनच.

आणि अलिबागला तर होडीही लागत नाही. कुलाबा किल्ला किनाऱ्यासमोर पाण्यात उभा आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. पंचमीचा हिशेब मांडा: पाच पाऊण पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. नऊला निघायचं, चपला हातात घ्यायच्या, वाटेतली शेवाळलेली दगडं जपून ओलांडायची, आतल्या सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं, तटावरून चक्कर मारायची आणि अकराच्या आत परत किनाऱ्याला लागायचं. निघण्याआधी काठावरच्या घोडागाडीवाल्याला त्या दिवशीची वेळ विचारून घ्या. उशीर झालाच तर पाण्यात पाय घालू नका, परतीच्या होडीचे पैसे द्या.