अर्ध्या वॅटचा हिशेब

हातात मावणारा संगणक म्हणजे मेजावरील संगणकाची लहान प्रतिकृती, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. घरातील विजेवर चालणाऱ्या यंत्राने थोडी अधिक वीज खाल्ली तरी त्याचे काम अडत नाही; ते तापले तर पंखा बसविता येतो. हातातील यंत्राजवळ मात्र बॅटरीत साठविलेली मोजकी शिदोरी असते आणि पंख्याला तेथे जागा नसते. म्हणून त्याच्या प्रोसेसरची, म्हणजे आज्ञा वाचून गणित करणाऱ्या मुख्य भागाची, रचना मुळापासूनच काटकसरीची असावी लागते. ही काटकसर कशी साधते, हे अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९९६ साली बाजारात आणलेल्या ‘स्ट्राँगआर्म’ या प्रोसेसरवरून चांगले समजते.

याच कंपनीचा ‘अल्फा २१०६४’ हा प्रोसेसर त्यापूर्वी वेगासाठी नावाजलेला होता. सेकंदाला २० कोटी ठोक्यांच्या गतीने चालताना तो सुमारे २६ वॅट वीज घेई. पाच वॅट-तासांची बॅटरी त्याला जोडली असती, तर ती १२ मिनिटांच्या आतच रिती झाली असती. स्ट्राँगआर्म सेकंदाला १६ कोटी ठोके देऊनही अर्ध्या वॅटच्या आसपास भागवी; तीच बॅटरी एकट्या त्याला सुमारे दहा तास पुरती. बावन्न पटींची ही बचत कोणत्या एका युक्तीने झाली नाही. त्याच्या अभियंत्यांनी तिचा हिशेब पाच कलमांत मांडला आहे.

पहिले कलम विद्युद्दाबाचे. तो ३.४५ व्होल्टवरून १.५ व्होल्टवर आणला गेला. दाब निम्म्याहून थोडा अधिक उतरला, पण विजेचा खर्च मात्र ५.३ पटींनी घटला. याचे कारण असे. प्रोसेसरमधील प्रत्येक तार ही एका चिमुकल्या हौदासारखी असते. प्रत्येक कामासाठी ती विद्युत्‌भाराने भरावी आणि पुन्हा रिती करावी लागते. हौदातील पाण्याची पातळी दुप्पट ठेवायची तर पाणी दुप्पट लागते, आणि प्रत्येक घागर दुप्पट उंच न्यावी लागते. एकंदर श्रम चौपट होतात. विजेचा खर्चही असाच दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि घटतो.

दुसरे कलम कामे कमी करण्याचे. त्याने खर्च तिपटीने उतरला. अल्फा ६४ अंशी संख्या हाताळी आणि दशांशांच्या मोठ्या गणितासाठी वेगळा विभाग बाळगी. हातातील यंत्राला त्याची नित्य गरज नव्हती. शिवाय स्ट्राँगआर्मने आज्ञांची जी पद्धत स्वीकारली, ती मुळातच साधी होती. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ती सिद्ध केली होती. १९८५ साली तयार झालेली त्यांची पहिली चिप अवघ्या २५ हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टरांवर चालली.

उरलेली तीन कलमे लहान वाटली तरी ती वगळली तर हिशेब जुळत नाही. चिपवरील रेषा अधिक बारीक काढल्याने खर्च निम्मा झाला. सर्व भागांना एकाच तालावर ठेवणारा ठोका पोचविण्याचा भार हलका केल्याने १.३ पट, आणि ठोक्यांची गती किंचित उतरविल्याने १.२५ पट बचत झाली.

परंतु प्रोसेसर काटकसरी असून भागत नाही. स्मृती, पडदा आणि बाहेरील जोडण्या सांभाळणाऱ्या वेगवेगळ्या चिपा भोवती बसविल्या, तर त्यांच्याशी बोलण्यासाठी लांब तारा भराव्या लागतात. म्हणजे पुन्हा मोठे हौद आलेच. म्हणून १९९७ साली आलेल्या ‘एसए-११००’ या पुढच्या चिपमध्ये पडद्याचा नियंत्रक, स्मृतीचा नियंत्रक, जोडण्यांची दारे आणि घड्याळ ही सर्व मंडळी प्रोसेसरसह एकाच छपराखाली आली. वारंवार लागणाऱ्या आज्ञांसाठी १६ किलोबाइटांची आणि माहितीसाठी ८ किलोबाइटांची कोठी आतच ठेवली गेली. रोजचा शिधा घरात असला की बाजाराची खेप वाचते, तसेच हे आहे.

सर्वांत मोठी बचत मात्र काम नसताना होते. माणूस पडद्यावरील मजकूर वाचीत असतो, तेव्हा दोन स्पर्शांमधील काळ यंत्राच्या दृष्टीने फार दीर्घ असतो. त्या वेळी ही चिप प्रोसेसरचा ठोका थांबविते. पडदा तेवढा चालू राहतो. यंत्र बाजूला ठेवले की ती गाढ झोपते. मुख्य भागाची वीज तुटते आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा एक लहानसा स्फटिक काय तो वेळ मोजीत जागा राहतो.

या काटकसरीचे मोल केवळ सोयीपुरते नव्हते. २००१ साली बंगळुरात भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतील अभियंते यांनी ‘सिम्प्युटर’ लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्याच्या पोटात स्ट्राँगआर्म कुळातीलच चिप होती. अक्षरओळख नसलेल्यालाही वापरता यावा, भारतीय भाषांतून बोलावा आणि गावातील अनेकांनी मिळून एकच यंत्र वापरावे, असा त्यामागील हेतू होता. अखंड वीज मागणारा संगणक अशा गावांच्या उपयोगी पडणे कठीण होते. सिम्प्युटर फारसा खपला नाही, हे खरे. स्ट्राँगआर्मही पुढे इंटेल कंपनीकडे गेला आणि कालांतराने मागे पडला. परंतु त्यांच्यामागील विचार टिकला. आज शेताच्या बांधावर किंवा आगगाडीच्या डब्यात ज्या मोबाइलवर बोलणे चालते, त्यांपैकी बहुतेकांत आज्ञांची तीच केंब्रिजची पद्धत नांदते आहे. यंत्राची थोरवी त्याच्या बळावरून मोजण्याची सवय जुनी आहे; ते सर्वांच्या हाती पोचले, ते मात्र कमी वीज मागितल्यामुळे.