अंगातील यंत्र आणि त्याची वीज

(नभोवाणीवरील भाषण)



मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग पेण ओलांडून वडखळच्या नाक्यावर येतो आणि तेथूनच अलिबागेचा रस्ता फुटतो. त्या नाक्याजवळची आमची वस्ती खारेपाटातली. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज काही पावसाळ्यांतच गंजून जातात, हा आम्हां सर्वांचा अनुभव. आजच्या विषयाचा या गंजाशी निकट संबंध आहे, म्हणून त्याचा उल्लेख आरंभीच केला.

आमच्या शेजारी तीन वर्षांची एक मुलगी आहे. ती जन्मतः बहिरी. मुंबईस शस्त्रक्रिया होऊन तिच्या कानामागे, त्वचेखाली, कॉक्लिअर इंप्लांट नावाचे यंत्र बसविण्यात आले. पुढे एके सायंकाळी तिची आजी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, पोरीच्या डोक्यात करंट सोडलाय म्हणतात. खेळताना काही झालं तर? मी आपली ती डोक्यावरची चकती काढून कपाटात ठेवते."

या बाईंस अडाणी म्हणून हसणे सोपे होते. परंतु ओल्या हाताने विजेचे बटण दाबू नये, हे मीच पस्तीस वर्षे शाळेत शिकवीत आलो. मग ओलसर आणि खारट अशा शरीरातच वीज नेऊन ठेवणे निर्धोक कसे, हा प्रश्न रास्त होय. त्याचे उत्तर तीन गोष्टींत आहे : वीज किती, ती कशात बंद केलेली, आणि ती कोठून येते.

प्रथम प्रमाण पाहू. हृदयाची गती सांभाळणाऱ्या पेसमेकरला साधारणतः दहा ते पन्नास मायक्रोवॅट शक्ती पुरते. मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. आपल्या घरातील नऊ वॅटच्या एका दिव्याच्या शक्तीवर असे लक्षावधी नव्हे तरी एक लक्षाहून अधिक पेसमेकर सहज चालतील. कानातील यंत्रास याहून पुष्कळ अधिक शक्ती लागते. तथापि तीही त्या दिव्याच्या मानाने अगदी अल्प.

दुसरी गोष्ट आवरणाची. रुग्णास चढविण्यात येणाऱ्या सलाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते आणि आपल्या शरीरातील द्रवाचा खारेपणा जवळपास तितकाच असतो. म्हणजे प्रत्येकाच्या अंगी एक खारेपाट आहेच! तेथे यंत्र टिकवावयाचे तर पाण्याचा रेणूही आत शिरता कामा नये. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे शल्यवैद्य ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातील पहिला संपूर्ण पेसमेकर बसविला. तो घडविणारे अभियंते रूने एल्मक्विस्ट यांनी यंत्राभोवती राळ ओतण्यासाठी साचा म्हणून चक्क बूटपॉलिशची डबी वापरली होती. ते यंत्र काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. लार्सन मात्र २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत, जगले. तोवर त्यांस एकूण २६ यंत्रे लागली.

आरंभीची यंत्रे अल्पायुषी असण्याचे एक मोठे कारण त्यांतील विद्युत्‌घट हे होते. पाऱ्याच्या जुन्या घटांतून वायू सुटत असे, त्यामुळे ते पूर्णपणे बंदिस्त करता येत नसत. विल्सन ग्रेटबॅच यांनी पुढे आणलेला लिथियम-आयोडीन घट १९७२ पासून वापरात आला. त्यातून वायू निघत नाही, म्हणून तो टायटॅनियमच्या डबीत कायमचा सांधून टाकता येतो. शिवाय त्याची शक्ती एकाएकी न संपता हळूहळू उतरते आणि वैद्यास आगाऊ सूचना मिळते. असा पेसमेकर आता अनेक वर्षे चालतो.

आता तिसरी गोष्ट, आणि आजीच्या शंकेचे खरे उत्तर. त्या मुलीच्या डोक्यात विद्युत्‌घट मुळी नाहीच! घट आहे तो बाहेर, कानावर अडकविलेल्या यंत्रात. डोक्यावरच्या चकतीत तारेचे एक वेटोळे असते; त्वचेखाली तसेच दुसरे. मध्ये केवळ काही मिलिमीटरांचे अंतर. दोहोंना जागेवर धरतात ती चुंबके. बाहेरील वेटोळ्यात वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह खेळविला की आतील वेटोळ्यात आपोआप वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले हेच ते विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन. आम्ही शाळेत विद्यार्थ्यांकडून स्फटिकाचा रेडिओ करवून घेत असू. त्यास घट नसे. जवळच्या केंद्राच्या लहरींतून मिळे तेवढ्याच शक्तीवर तो कुजबुजे. हेही तसेच. चकती दूर केली की आतील यंत्र तत्क्षणी निर्जीव होते.

वाया जाणारी शक्ती उष्णतेत पालटते, हेही ध्यानी घेतलेले आहे. अशा यंत्राचा पृष्ठभाग शरीराच्या ३७ अंशांपेक्षा सामान्यतः दोन अंशांहून अधिक तापू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तसेच एकाच दिशेने वाहणारा प्रवाह खारट द्रवाचे विघटन करून मांस जाळतो, म्हणून मज्जातंतूस दिलेला प्रत्येक सूक्ष्म ठोका लगेच तितकाच उलट फिरविला जातो. खाडीत जितकी भरती, तितकीच ओहोटी. शिल्लक काही उरत नाही.

मग धोका कोठे आहे? तो डोक्यात नसून फडताळावर आहे! अशा यंत्रांत पुष्कळदा बटणाएवढे घट वापरतात. मुलाने असा घट गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर वर सांगितलेला एकदिशा प्रवाह तेथेच सुरू होऊन थोड्या तासांत खोल जखम होते. नाण्याएवढा लिथियमचा घट सर्वांत घातक. असा संशय येताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पेसमेकर असणाऱ्यांनी मोबाइल छातीवरच्या खिशात ठेवू नये, यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. इंडक्शन चुलीपासून दोन फूट अंतर राखावे. एमआरआय तपासणीपूर्वी यंत्राचे ओळखपत्र दाखवावे. आणि एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट : अंत्यसंस्कारापूर्वी घरच्यांनी पेसमेकरची कल्पना वैद्यास द्यावी, दहनात त्याच्या घटाचा स्फोट होतो, म्हणून तो आधी काढून घेतात.

आजीला हे सारे मी तिच्याच अंगणात बसून सांगितले. आणि एवढे अधिक सांगितले की, ऐकण्याची भाषा मेंदू शिकतो तो बालपणीच्या पहिल्या काही वर्षांत. म्हणूनच केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून लहान मुलांना हे यंत्र दिले जाते, आणि वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्या कामाची व्यवस्था पाहते. यंत्र बसविले म्हणजे काम संपले नाही. जागेपणी ते सतत लावून मुलाशी बोलत राहणे, हीच खरी शाळा. कपाटात गेलेला प्रत्येक दिवस त्या शाळेतील गैरहजेरी होय, आणि ही गैरहजेरी पुढे भरून निघत नाही.

बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग उठून घरात गेल्या, चकती आणली, नातीच्या डोक्यावर अलगद लावली आणि तिला नावाने हाक मारली. मुलीने मान वळविली.

घट ठेवण्यासाठी घट्ट झाकणाचा एक डबा मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. तो आता उंच फळीवर असतो.