खरा अशोक कोणता?



मागे शनिवारच्या वर्गात बाईंनी आम्हाला अशोकवनातल्या सीतेचे चित्र काढायला सांगितले. आम्ही सगळ्यांनी सीतेच्या मागे उंच, सरळसोट झाडांची रांग काढली. आजीआजोबांच्या सोसायटीत भिंतीलगत असते ना, तशीच! बाई हसून म्हणाल्या, "अरे, या झाडाखाली सीतामाई बसणार कुठे? सावली तरी आहे का त्याला?"

मग आम्ही माहिती गोळा केली. भिंतीलगतचे ते झाड आसुपालव, म्हणजे खोटा अशोक. खरा तो सीताअशोक. तो सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात, ओढ्याकाठी वाढतो. मध्यम उंचीचा, पण सावली गर्द. त्याची कोवळी पाने तांबूस आणि कोमेजल्यासारखी लोंबती असतात, नंतर हिरवी होतात. फुलांचे झुपके फांद्यांवर तर येतातच, पण चक्क खोडावरही येतात! फूल आधी पिवळे-नारिंगी असते, मग लाल होते. गंमत म्हणजे त्याला पाकळ्याच नसतात. रंगीत दिसतात ती निदले. मुंबईला राणीच्या बागेत हे झाड आहे. पण त्याचा बहर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि आम्ही भारतात जातो जुलैत! त्यामुळे आमच्यापैकी कोणीच तो पाहिलेला नाही.

अशोकारिष्ट या औषधासाठी त्याची साल लागते. साल ओरबाडून काढली की झाड वाळते. जंगलातली झाडे इतकी कमी झाली की १९९८ साली त्याची नोंद धोक्यातल्या वनस्पतींच्या जागतिक यादीत झाली. आणि सालीच्या भेसळीत काय सापडते? आसुपालवाचीच साल! म्हणजे बाटलीतही खोटा अशोक.

इथे अमिरातीत तो बागेत लावावा का? आम्हाला तरी नको वाटते. त्याला ओलसर माती आणि थोडी सावली हवी. इथली खारट वाळू नि उन्हाळ्यातले गरम वारे त्याला सोसणार नाहीत. इथे गाफच शोभतो. (गाफ म्हणजे आपली शमी बरे का! २००८ पासून तो इथला राष्ट्रीय वृक्ष आहे.)

कोकणात मात्र विहिरीजवळ, मोठ्या झाडाच्या आडोशाला सीताअशोक छान वाढतो. बी ताजे हवे, जुने रुजत नाही. आमच्यातल्या एकीच्या आजीने चिपळूणला मागील दारी रोप लावले आहे. तीन पावसाळे झाले, तरी ते अजून गुडघ्याएवढेच आहे. परवा आजी फोनवर सांगत होती, तांबूस पाने फुटली आहेत.