यकृताचा कर्करोग आणि दुसरी गाठ

यकृताच्या कर्करोगावर उपचार चालू असताना शरीरात अन्यत्र गाठ आढळली, की ‘रोग पसरला’ असे समजून घरची मंडळी धीर सोडतात. पुष्कळदा ते खरेही असते. तथापि कधी कधी ती गाठ म्हणजे स्वतंत्र, दुसरा कर्करोग असतो. वॉरन व गेट्स यांनी १९३२ मध्येच त्याचे निकष मांडले: दोन्ही गाठी कर्करोगाच्याच असाव्यात, परस्परांहून वेगळ्या असाव्यात आणि एक दुसरीचा प्रसार नसावी.

याचा निर्णय मुख्यतः बायोप्सीने, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून होतो. खाते वेगळे ठरले, की उपचारांचा हिशेबही वेगळा मांडावा लागतो.

धूम्रपान व मद्यपान यकृताबरोबरच मुख, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगासही कारण होतात. मद्य वर्ज्य असलेल्या आपल्या घरांतही मधुमेह व स्थूलतेमुळे यकृतात चरबी साचते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन हे विषही यकृतास घातक आहे.

वाशीम, कारंजा येथून रुग्णास अकोला, नागपूर वा मुंबईस नेताना जुने सर्व अहवाल सोबत न्यावेत आणि डॉक्टरांना अवश्य विचारावे, ‘ही गाठ त्याच रोगाची, की नवी?’