पदव्युत्तर शिक्षण आणि घरांतील जामीनदार

जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. तथापि जुन्या माणसांच्या तोंडीं अजून 'नगर' हाच शब्द बसलेला आहे. त्या नगरांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत तीन वर्षांपूर्वीं मोठा आनंदाचा दिवस उगवला. मधल्या भावाच्या मुलीस परगांवच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एम्. डी. च्या वर्गांत जागा मिळाली. आजीनें देवापुढें साखर ठेवली, आळींत पेढे वांटले गेले, आणि दुसरे दिवशीं सकाळीं मुलीनें मुद्रांकाचे कागद थोरल्या काकांपुढें ठेवले.

"आप्पाकाका, येथें जामीनदाराची सही हवी. दुपारच्या गाडीनें मला निघायचें आहे."

आप्पा म्हणजे चाळीस वर्षें मुलांना 'वाचल्यावांचून सही करूं नये' असें सांगत आलेले शिक्षक. त्यांनीं चष्माही न लावतां सही ठोकली. कागदांत पन्नास लाख रुपयांचा आंकडा आहे, हें त्यांना रात्रीं जेवतांना समजलें. त्या रात्रीं त्यांनीं ताकभात खाल्ला नाहीं.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अटी दोन तऱ्हेच्या असतात. पहिली तऱ्हा विद्येची. ती मुलांना मुखोद्गत असते. आमच्याच जिल्ह्यांतील राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ १९६८ सालचें. तेथें एम्. एस्सी. करावयाची तर प्रवेश-परीक्षा, चार सत्रें, मार्गदर्शक व त्यांची सल्लागार समिति, आणि २०२१ च्या सुधारित आंखणीप्रमाणें ७० श्रेयांकांपैकीं ३० एकट्या संशोधनाचे. एम्. डी. ला तीन वर्षें, शेंकडा ८० हजेरी, प्रबंध आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत तीन महिन्यांचें काम. ह्या अटी मोडल्या तर पदवी अडून राहते. घराला धक्का लागत नाहीं. दुसरी तऱ्हा सहीच्या कागदाची, आणि तिजकडे घरांतील कोणीच पाहत नाहीं.

वैद्यकाचा कागद असा. महाराष्ट्रांतील सरकारी व महापालिकांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून जो पदव्युत्तर शिक्षण घेईल, त्यानें पदवीनंतर एक वर्ष सरकार सांगेल तेथें सेवा करावयाची. न केल्यास ५० लाख रुपये भरावयाचे. एम्. बी. बी. एस्. साठीं हाच आंकडा १० लाखांचा, तर त्याहून वरच्या अतिविशेष पदवीसाठीं २ कोटींचा आहे. असे करार टिकणार नाहींत, ते वेठबिगारीसारखे आहेत, असें म्हणत निरनिराळ्या राज्यांतील डॉक्टर न्यायालयांत गेले होते. सर्वोच्च न्यायालयानें १९ ऑगस्ट २०१९ रोजीं हे करार वैध ठरविले. सवलतीच्या शुल्कांत सरकार इतका खर्च करतें, तर समाजानें त्याच्या मोबदल्यांत कांहीं काळ सेवा मागावी हें अवाजवी नव्हे, असा त्याचा आशय होता. मात्र सर्व देशाला एकसारखें धोरण असावें, असेंही न्यायालयानें सुचविलें. म्हणून 'कोर्टांत कोण विचारतो' ह्या शेजारच्या सल्ल्यावर कोणी विसंबूं नये.

आम्हांस स्वतःला ही अट अन्यायाची वाटत नाहीं. अकोल्याच्या डोंगराळ भागांत पावसाळ्यांत अडलेल्या बाळंतिणीला घेऊन डॉक्टर शोधीत फिरणें म्हणजे काय, हें ज्यानें पाहिलें आहे तो ह्या एका वर्षाविषयीं कुरकुरणार नाहीं. शिवाय शिक्षणानंतर सेवेचें बंधन पत्करणें ही आपल्या घरांना नवीन गोष्ट नाहीं. १८८४ सालीं स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षें, महिना ७५ रुपयांवर शिकविण्याचें व्रत घेत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. केवढ्या जागा त्यांच्यापुढें हात जोडून उभ्या असतील! पण ते शब्द दिल्याप्रमाणें फर्ग्युसन महाविद्यालयांत परत आले आणि १९०२ सालीं तेथील प्राचार्य झाले. फरक इतकाच कीं, त्या मंडळींना आपण कशास बांधून घेत आहों हें पुरतें ठाऊक होतें. आपण मात्र करारनामा म्हणजे वीजबिलासारखा एक कागद समजतों.

आणि त्यांत जामीनदाराची स्थिति सर्वांत अवघड. 'माझी सही नांवापुरती' असें आप्पांसारखे पुष्कळ वडीलधारे म्हणतात. १८७२ च्या करार कायद्याचें १२८ वें कलम त्यांनीं एकदां वाचावें. करारांत निराळें लिहिलें नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आधीं पुतणीकडे मागा, तिच्याकडून न मिळाल्यास मजकडे या, असें म्हणण्याचा हक्क जामीनदारास आपोआप मिळत नाहीं. बँकेच्या शैक्षणिक कर्जांतही हेंच. साधारण रीत अशी कीं, चार लाखांपर्यंत तारण नाहीं, फक्त आईबाप सहकर्जदार. त्यापुढें साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाईत जामीन. आणि त्याहून अधिक रक्कम असेल तर घर, जमीन वा ठेव तारण. वडिलार्जित घर तारण ठेवण्याची वेळ आली तर आणखी एक गोष्ट पुढें येते. हिंदु वारसा कायद्यांतील २००५ च्या दुरुस्तीनें मुलींनाही मुलांप्रमाणें जन्मतः हिस्सा आला आहे. तेव्हां सासरीं गेलेल्या बहिणींना न विचारतां तिन्ही भावांनीं परस्पर कागद करणें आतां चालणार नाहीं. भाऊबीजेस घरीं आल्या असतां हा विषय काढावा. पोस्टानें काढूं नये.

एम्. ए., एम्. एस्सी. सारख्या अभ्यासक्रमांत धोका लहान, पण चुटपुट लावणारा. मुलगा एके ठिकाणीं शुल्क भरतो, आठवड्यानें दुसरीकडे नंबर लागतो, आणि पहिलें महाविद्यालय पैसे व मूळ प्रमाणपत्रें दोन्ही धरून बसतें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनें मूळ प्रमाणपत्रें ठेवून घेण्यास मनाई केली आहे. तीं पडताळून तेथल्या तेथें परत द्यावयाचीं. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस वा अधिक अगोदर प्रवेश सोडल्यास किरकोळ वजावटीनें सर्व शुल्क परत मिळतें. पुढें तें शेंकडा ९०, ८०, ५० असें उतरत जातें, आणि तारीख उलटून ३० दिवस झाले कीं हातीं शून्य. त्यानंतर कित्येक वर्षीं आयोगानें याहून उदार मुदतीही दिल्या. म्हणून त्या त्या वर्षाची सूचना पाहावी, आणि प्रवेश सोडल्याचा अर्ज तोंडीं न करतां लेखी करून त्याची पोंच घ्यावी.

आतां त्या नगरच्या मुलीची परीक्षा जवळ आली आहे. मध्यंतरीं तिला अमेरिकेंतील एक स्थळ सांगून आलें. मुलगा चांगला, माणसें सुशील. अट एकच, लग्न होतांच मुलीनें तिकडे यावें. बैठकींत सर्व गोष्टी जुळत आल्या असतां आप्पांनीं कपाटांतून त्या कागदाची प्रत काढून पाहुण्यांपुढें ठेवली. कांहीं क्षण कोणी बोललें नाहीं. मग वराचे मामा म्हणाले, "पन्नास लाख... म्हणजे ते तुमच्याकडून जातील ना?"

मुलगी आंतून चहा घेऊन येत होती. ट्रे खालीं ठेवून ती म्हणाली, "कोणाकडूनच जाणार नाहींत, मामा. मी वर्षभर नोकरी करणार आहें. सरकार पाठवील तेथें."

पंधरा दिवसांनीं वराच्या आईचें पत्र आलें. वर्षभर थांबण्यास त्यांची हरकत नाहीं. आप्पांनीं तें पत्र करारनाम्याच्या प्रतीबरोबर त्याच कपाटांत ठेविलें आहे.