हरळीची भूक आणि उसाची भूक



साखर संकुलात काम निघाले की आपण पुण्यास जातो. तेथील बागांतली हिरवळ पाहून डोळे निवतात. पण जवळ जाऊन पाहा, पुष्कळ ठिकाणी ती आपली हरळीच असते! जिला आपण सरीतून खणून बांधावर फेकतो, तिलाच शहरात खतपाणी घालतात.

यात हसण्यासारखे काही नाही. हरळी काय नि ऊस काय, दोन्ही गवतेच. दोन्ही उष्ण हवेतली, कडक उन्हात झपाट्याने वाढणारी, आणि दोघांनाही नत्राची भूक मोठी. म्हणून माळ्याची रीत आपण समजून घेऊ.

जाणता माळी वर्षाचे खत एकदम टाकत नाही. एका वेळी चौरस मीटरला फार तर 5 ग्रॅम नत्र, म्हणजे गुंठ्याला किलोभर युरिया. लगेच पाणी देतो. कारण उघड्यावर पडलेल्या युरियातले नत्र अमोनिया होऊन हवेत उडते, आणि जादा पडलेले नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुळांखाली जाते, पुढे विहिरीत उतरते. नत्र जादा झाले की हरळीचा पाला माजतो, मुळे मात्र दुबळी राहतात. पुण्याच्या थंडीत वाढ मंदावली की माळी हात आखडता घेतो.

आता आपला हिशेब. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो, म्हणजे एकरी 100 किलो नत्राची शिफारस आहे. 45 किलोच्या पोत्याने युरियाची जेमतेम पाच पोती झाली. ती अशी विभागावी: लागणीला अर्धे, 6 ते 8 आठवड्यांनी दोन, 12 ते 16 आठवड्यांनी अर्धे आणि मोठ्या बांधणीला दोन. डीएपी किंवा मिश्रखत दिले असेल तर त्यातले नत्र वजा करावे. खत मातीआड करावे.

शेजाऱ्याचा ऊस काळाभोर दिसला की आपलाही हात सुटतो. बांधणीनंतर मारलेल्या जादा पोत्याने ऊस हिरवा दिसेल, पण तो लोळतो, पक्व होण्यास उशीर लागतो आणि उतारा घटतो. एफआरपी उताऱ्यावर ठरते. तेव्हा एकाच्या जादा पोत्याची झळ सर्वांनाच बसते.

माळ्याची आणखी एक रीत घेण्यासारखी आहे. कापलेले गवत हिरवळीवरच पडू दिले तर त्यातले नत्र परत मिळते. आपले पाचट तसेच. ते पेटवू नका. खोडव्यात बारीक करून सरीत पसरा आणि टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका.

माती परीक्षण करून घ्या, अडचण आल्यास गट ऑफिसात विचारा. उसाला पोटभर द्या, पण वाढून वाढून द्या.